कोण आले, केव्हा आले : चिकित्सालयातील संगणकाच्या प्रवेश-नोंदी

प्रस्तुत त्रैमासिकातून द्रव्यगुण, कल्प आणि रुग्णानुभव यांवरील लेखन नियमितपणे प्रसिद्ध होत असते. या अंकासाठी आम्ही निवडलेला विषय त्या परंपरेत बसणारा नाही, याची आम्हास जाणीव आहे. तथापि रुग्णपत्रके, औषधसाठा व बिले या तीनही गोष्टी आता बहुतेक चिकित्सालयांत संगणकावर ठेवल्या जातात. त्या संगणकात कोण शिरले, केव्हा शिरले व काय करून बाहेर पडले याची नोंद ठेवणे आणि ती वाचणे हे काम आपले नव्हे, असे म्हणण्याची सोय वैद्यास आता उरलेली नाही. आमच्यापुरते सांगावयाचे तर हा धडा आम्ही पुस्तकातून घेतला नाही. एका रुग्णाच्या जिवावर बेतले आणि एका निरपराध मुलाची नोकरी गेली, तेव्हा घेतला.

आमच्या चिकित्सालयास लागूनच औषधालय आहे. एक संगणक आमच्या टेबलावर, दुसरा औषधालयात आणि तिसरा स्वागतकक्षात, असे तिन्ही एकाच सॉफ्टवेअरला जोडलेले आहेत. सॉफ्टवेअर बसविणाऱ्या गृहस्थांनी प्रत्येकासाठी निराळे नाव व निराळा पासवर्ड करून दिला होता. परंतु औषधालयातील नावाने चुकलेले बिल रद्द करता येत नसे, स्वागतकक्षातील नावाने सवलत देता येत नसे, आणि दर वेळी बाहेर पडून पुन्हा आत शिरण्याचा त्रास कोणासच नको होता. दोन महिन्यांत तिन्ही संगणकांवर सकाळपासून रात्रीपर्यंत एकच नाव उघडे राहू लागले, ते म्हणजे आमचे. पासवर्ड औषधालयाच्या खणाच्या आतील बाजूस चिकटविलेल्या कागदावर लिहिलेला होता. वाचकांपैकी किती जणांच्या खणात असा कागद आहे, हे आम्ही विचारीत नाही.

अशात साठी ओलांडलेले एक गृहस्थ कटिशूल व पायांतील बधिरता यांसाठी आमच्याकडे येत होते. इतर औषधांबरोबर त्यांस विषतिंदुक वटी सकाळ-संध्याकाळ एकेक चालू होती. एका पुनर्तपासणीनंतर आठवड्याच्या आतच त्यांचा मुलगा त्यांना घेऊन धावत आला. पिंढऱ्यांत पेटके येत होते, जबडा आखडल्यासारखा वाटत होता आणि भांडे पडल्याच्या आवाजानेही अंग दचकून उडत होते. कुचल्याशी परिचय असलेल्या वैद्यास याहून अधिक सांगण्याची आवश्यकता नाही. पुडीवरील चिठ्ठी पाहिली. दोन गोळ्या, दिवसातून तीन वेळा. म्हणजे दिवसास दोनाऐवजी सहा गोळ्या पोटात जात होत्या. औषध तत्काळ थांबविले, त्यांस रुग्णालयात निरीक्षणाखाली ठेवले आणि सुदैवाने दोन दिवसांत ते पूर्ववत झाले.

चिठ्ठी संगणकावरून छापलेली होती. आम्ही रुग्णपत्रक उघडले. विषतिंदुक वटीच्या ओळीपुढे नोंद होती : शेवटचा बदल त्याच दिवशी सकाळी ७ वाजून ४० मिनिटांनी, बदल करणाराचे नाव आमचे. आम्ही दहाच्या आत कधी चिकित्सालयात येत नाही. साडेसातला किल्ली घेऊन येतो तो कंपाउंडर. झाडलोट करावयाची, बरण्या पुसावयाच्या, आदल्या दिवसाची मांडामांड आवरावयाची, हे त्याचे काम. पासवर्ड त्याला ठाऊक होता. आमची खात्री झाली की याने सकाळी संगणकाशी खेळताना प्रमाण बदलले आणि अकराच्या सुमारास रुग्ण आल्यावर आम्ही ते न पाहता पुढे नेले. चार माणसांदेखत आम्ही त्याला विचारले. त्याचे उत्तर एवढेच होते की आपण सकाळी संगणक सुरूच करीत नाही. ते आम्हास पटले नाही. तिसऱ्या दिवसापासून तो कामावर आला नाही. चार वर्षे त्याने आमच्याकडे काढली होती. पुढे काय उघडकीस आले ते योग्य ठिकाणी सांगू. तत्पूर्वी ही नोंद म्हणजे काय, याचा विचार करणे आवश्यक आहे.

आपण नाव व पासवर्ड देऊन सॉफ्टवेअरमध्ये शिरतो तेव्हा ते सॉफ्टवेअर स्वतःशी एक ओळ लिहून ठेवते. त्यात सामान्यतः पाच गोष्टी असतात : वापरणाराचे नाव, दिनांक व वेळ, कोणत्या संगणकावरून प्रवेश झाला, प्रवेश मिळाला की नाकारला गेला, आणि बाहेर पडण्याची वेळ. हिला लॉगिनची नोंद किंवा नुसते ‘लॉग’ म्हणतात. हिच्याहून निराळी अशी दुसरी नोंद असते. आत शिरल्यावर कोणते पत्रक उघडले, कोणता आकडा बदलला, पूर्वी काय होते व नंतर काय झाले, हे ती सांगते. हिला ‘एडिट लॉग’ म्हणतात. टॅलीप्राइमसारख्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय या नावानेच आहे. दोन्हींचे नाते दाराशी बसलेला रखवालदार आणि आतील कोठीचा कारकून यांच्यासारखे आहे. रखवालदाराने माणूस चुकीचा ओळखला, तर कारकुनाची सगळी वही चुकीच्या माणसाच्या नावे लिहिली जाते. आमच्याकडे नेमके हेच झाले होते. वही होती, पण तिच्यात तिघांच्या हातांना एकच नाव होते. अशी वही पुराव्यास निरुपयोगी असते, एवढेच नव्हे तर ती निश्चितपणाचा आभास निर्माण करते, म्हणून वही मुळीच नसण्यापेक्षाही घातक ठरते. कोरी वही समोर असती तर आम्ही त्या मुलास चारचौघांत विचारले नसते.

प्रवेश-नोंदीचे मोल किती असू शकते याचे एक जुने उदाहरण संगणकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आहे. तेथे १९८६ साली संगणक वापरणाऱ्या प्रत्येक शास्त्रज्ञाच्या खात्यावर वापराच्या वेळेनुसार पैसे लावले जात. त्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात हिशेबात ७५ सेंटांची तफावत आली. ती शोधण्याचे काम क्लिफर्ड स्टोल या नव्यानेच संगणक विभागात आलेल्या खगोलशास्त्रज्ञाकडे सोपविण्यात आले. पाऊण डॉलरचा फरक म्हणजे आपल्याकडे गल्ल्यातील सुट्या पैशांचा फरक. कोणीही तो किरकोळ खर्चात टाकून मोकळा झाला असता. स्टोलने तो टाकला नाही. कोणीतरी नऊ सेकंद संगणक वापरून पैसे दिलेले नाहीत, एवढे त्याच्या लक्षात आले. मग त्याने बाहेरून येणाऱ्या तारांना छपाईयंत्रे जोडून त्या अनाहूत पाहुण्याने दाबलेले प्रत्येक अक्षर कागदावर उतरवून घेतले. हा पाठपुरावा सुमारे दहा महिने चालला. माग निघाला तो पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हर शहरापर्यंत. तेथील एक तरुण अमेरिकेतील लष्करी संगणकांत शिरून मिळालेली माहिती सोव्हिएट गुप्तहेर संघटनेस विकत होता. १९९० साली तो व त्याचे साथीदार न्यायालयात दोषी ठरले.

या प्रकरणात आम्हास महत्त्वाची वाटते ती हेरगिरी नव्हे. त्या तरुणाने इतर अनेक ठिकाणच्या संगणकांची दारे ठोठावली होती आणि त्यांपैकी कित्येक ठिकाणी त्याच्या खुणा उमटतही होत्या. त्या खुणा कोणी पाहिल्या नाहीत. बर्कलेमध्ये मात्र एक माणूस आकडे जुळतात का हे पाहण्यास बसला होता. नोंद होणे आणि नोंद वाचली जाणे ही दोन स्वतंत्र कर्मे आहेत. अमेरिकेच्या आरोग्य-माहिती संरक्षणाच्या नियमांत तर ही दोन्ही कर्तव्ये वेगवेगळ्या कलमांत घातलेली आहेत : नोंद करणारी यंत्रणा बसविणे हे तांत्रिक कर्तव्य, आणि त्या नोंदींचे वेळोवेळी परीक्षण करणे हे प्रशासकीय कर्तव्य. पहिले काम यंत्राचे, दुसरे माणसाचे. आपल्याकडे सॉफ्टवेअर विकणारे पहिल्याची जाहिरात करतात आणि आपण समजतो की दुसरेही झाले.

आता घड्याळाविषयी. आमच्या मते या साऱ्या विषयात सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे. प्रवेश-नोंदीतील वेळ ही ज्या संगणकावर सॉफ्टवेअरचा मुख्य भाग बसविलेला असतो त्याच्या घड्याळावरून घेतली जाते. संगणक बंद असताना हे घड्याळ आतील एका नाण्याएवढ्या बॅटरीवर चालते. ती क्षीण झाली की रात्रभरात घड्याळ मागे पडते. इंटरनेटवरून वेळ आपोआप जुळवून घेण्याची सोय चालू असेल तर चूक सुधारली जाते, नसेल तर नाही. भिंतीवर घड्याळ असताना पडद्याच्या कोपऱ्यातील आकड्यांकडे कोण पाहतो ?

वर सांगितलेल्या घटनेनंतर दोन महिन्यांनी आमचे हिशेबनीस यूपीआयने आलेल्या रकमा बिलांशी ताडून पाहात होते. त्यांनी सहज विचारले की तुमचे औषधालय सकाळी आठाच्या आधी सुरू होते काय. त्या दिवसाचे एक बिल सॉफ्टवेअरमध्ये सकाळी ७.५२ चे होते. त्याच रकमेचा बँकेचा संदेश मोबाइलवर आला होता तो ११.२२ चा. आम्ही त्या आठवड्याची सर्व बिले काढली. प्रत्येक बिल काही तास मागे होते, आणि त्या दिवसाची एकूणएक बिले बरोबर साडेतीन तास मागे. मुख्य संगणक आमच्या टेबलावरचा. त्याची बॅटरी संपत आली होती आणि वेळ जुळविण्याची सोय कोणी केव्हा बंद केली होती हे कळण्यास मार्ग नव्हता. ७.४० मध्ये साडेतीन तास मिळविले की ११.१० होतात. सकाळी ११ वाजून १० मिनिटांनी ते गृहस्थ आमच्यासमोर बसले होते.

मग आम्हास आठवले. त्या दिवशी त्यांचा योगराज गुग्गुळ वाढवावयाचा ठरला होता, दोन-दोन-दोन. ती ओळ विषतिंदुकाच्या लगेच खाली होती. बाहेर गर्दी होती. आकडा वरच्या ओळीत पडला. बदल आमच्या नावे नोंदला गेला होता आणि तो आम्हीच केला होता. साऱ्या नोंदीत तेवढे एकच खरे होते.

त्या मुलाच्या घरी आम्ही गेलो. त्याच्या वडिलांनी पाणी दिले, बसावयास सांगितले. तो दुसऱ्या एका औषधाच्या दुकानात लागला होता, परत आला नाही. आमच्या जागी कोणीही असता तर तोही परत गेला नसता.

त्यानंतर आम्ही केलेले पहिले काम म्हणजे बॅटरी बदलणे. ती कोणत्याही घड्याळाच्या दुकानात मिळते. दुसरे काम म्हणजे तिन्ही संगणकांवर वेळ आपोआप जुळविण्याची सोय चालू करणे. भारतीय प्रमाणवेळ राखण्याचे काम नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा करते. संगणक-सुरक्षेची केंद्रीय संस्था ‘सर्ट-इन’ हिने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांतही संगणकांची घड्याळे याच प्रयोगशाळेच्या किंवा राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या वेळेशी जुळविण्यास सांगितले आहे, आणि सर्व नोंदी १८० दिवस जपून ठेवण्यासही. दोन्ही गोष्टी एकाच कागदात का आल्या, हे आम्हास आता नीट समजते.

तिसरे काम प्रत्येकास स्वतःचे नाव देण्याचे. हे वाटते तितके सोपे नाही, कारण माणसे दुसऱ्याचे नाव वापरतात ती बहुधा लबाडीने नव्हे, सोयीने. आमच्या औषधालयात बिल रद्द करण्याचा अधिकार नव्हता म्हणून तर आमचे नाव तेथे पोहोचले. तेव्हा आधी हे पाहिले पाहिजे की प्रत्येकाच्या कामास लागणारे अधिकार त्याच्या नावास आहेत की नाहीत. बिल रद्द करण्याचा अधिकार औषधालयास दिला, मात्र कारण लिहिल्यावाचून रद्द होणार नाही अशी अट घातली. रुग्णपत्रकातील औषधांचे प्रमाण बदलण्याचा अधिकार केवळ वैद्यांकडे ठेवला. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमाखालील नियमांच्या अनुसूची ई (१) मध्ये येणारी वत्सनाभ, कुपीलू, भल्लातक, धत्तूर, जयपाल, हरताळ, मनःशिला यांसारखी द्रव्ये ज्या कल्पांत आहेत, त्यांचे प्रमाण नेहमीपेक्षा वाढले तर सॉफ्टवेअर पुन्हा एकदा विचारते, अशीही सोय करून घेतली. पाच मिनिटे कोणी हात लावला नाही तर पडदा आपोआप बंद होतो. प्रारंभी यावर कुरकुर झाली, आमचीही.

विंडोज असलेल्या प्रत्येक संगणकात सॉफ्टवेअरच्या नोंदीखेरीज स्वतःचीही एक प्रवेश-नोंद असते. ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून ‘विंडोज लॉग्ज’ व त्याखाली ‘सिक्युरिटी’ येथे गेल्यास ती दिसते. पहिल्यांदा पाहणारा घाबरतो, कारण तेथे सहस्रावधी ओळी असतात व त्यांतील बहुतेक संगणकाने स्वतःच्या अंतर्गत कामांसाठी केलेल्या असतात. त्या सोडून द्याव्यात. ४६२४ हा क्रमांक यशस्वी प्रवेशाचा, ४६२५ नाकारलेल्या प्रवेशाचा. यशस्वी प्रवेशाच्या ओळीत ‘लॉगऑन टाइप’ पाहावा. २ म्हणजे माणूस प्रत्यक्ष समोर बसून शिरला (काही संगणकांवर याच जागी ११ दिसतो), ७ म्हणजे बंद पडदा उघडला, १० म्हणजे विंडोजच्याच रिमोट डेस्कटॉपवरून दुरून शिरला. ५ दिसला तर तो माणूस नव्हे. ४७२० म्हणजे नवे नाव तयार झाले. ४६१६ म्हणजे घड्याळ बदलले. इंटरनेटवरून वेळ जुळली तरीही ही ओळ पडते, म्हणून ती कोणाच्या नावे आहे ते पाहावे. आणि ११०२ दिसल्यास हातातील काम बाजूस ठेवावे, कारण त्याचा अर्थ कोणीतरी सुरक्षेची ही सारी नोंदच पुसून टाकली असा होतो. ही नोंद मूळ मांडणीत २० एमबीपर्यंतच वाढते व नंतर जुन्या ओळींवर नव्या लिहिल्या जातात. तेव्हा महिन्यातून एकदा ती वेगळी जतन करून ठेवणे इष्ट.

सॉफ्टवेअर दुरुस्तीसाठी दुरून संगणकात शिरणारे अभियंते ज्या साधनांचा उपयोग करतात, ती आपली नोंद बहुधा निराळी ठेवतात आणि वरील यादीत ते १० या प्रकाराने दिसतीलच असे नाही. त्यांच्यासाठी आम्ही साधा उपाय केला आहे. ते शिरणार त्या वेळी आमच्यापैकी कोणीतरी समोर बसते, आणि त्यांचे काम झाले की त्यांच्या नावाचा पासवर्ड बदलला जातो. सर्व ग्राहकांकडे एकच पासवर्ड ठेवणारे विक्रेते आम्ही पाहिले आहेत.

परीक्षणासाठी आम्ही शनिवारची दुपार ठरविली आहे. पंधरा-वीस मिनिटे लागतात. प्रत्येक ओळ वाचावयाची नसते. नाडी पाहताना आपण प्रत्येक ठोका मोजीत नाही, गतीतील बदल पाहतो, तसेच येथेही आहे. चिकित्सालय बंद असतानाचे प्रवेश, एकाच नावाने एकाच वेळी दोन संगणकांवरून झालेले प्रवेश, रजेवर असलेल्या व्यक्तीच्या नावाने झालेले प्रवेश आणि लागोपाठ नाकारले गेलेले प्रवेश, एवढे पाहिले तरी पुष्कळ झाले. सुश्रुतांनी वर्णिलेल्या षट्क्रियाकालात संचय व प्रकोप या अवस्थांत दोष ओळखणाऱ्या वैद्याचे काम सोपे होते. नाकारले गेलेले प्रवेश हे येथील संचयासारखे आहेत, कारण तोवर काहीही बिघडलेले नसते. मात्र एकदोन चुकीचे पासवर्ड हे सकाळची घाई किंवा कॅप्सचे बटण दाबलेले असण्याचे लक्षण असते. त्यावरून कोणास जाब विचारू नये.

आढळलेल्या गोष्टी बहुधा निरुपद्रवी निघतात, हेही नमूद केले पाहिजे. एका शनिवारी रविवारच्या मध्यरात्रीचे तेवीस नाकारलेले प्रवेश दिसले आणि आम्हास वाटले की आता बर्कलेसारखे काहीतरी निघणार. निघाले ते असे की आम्ही पासवर्ड बदलला होता आणि रात्री आपोआप बॅकअप घेणारा प्रोग्रॅम जुन्याच पासवर्डाने दार ठोठावीत होता. म्हणजे सहा दिवस बॅकअप झालेलाच नव्हता. चोर सापडला नाही, पण नोंद वाचली नसती तर बॅकअप नाही हे एखाद्या दिवशी संगणक बंद पडल्यावरच कळले असते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संगणकांवर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी हल्ला झाला, तेव्हा बाह्यरुग्ण विभागाचे काम कित्येक दिवस कागदावर करावे लागले होते, याचे स्मरण वाचकांस असेलच. दुसऱ्या एका वेळी, काम सोडून गेलेल्या सहायक वैद्य भगिनींच्या नावाने प्रवेश झालेले आढळले. त्यांच्या जागी आलेल्या वैद्यांच्या नावास अधिकार कमी पडत होते, म्हणून त्यांनी ते वापरले होते. चूक त्यांची नव्हे, जुने नाव बंद न करणाऱ्या आमची. काम सोडणाऱ्याचा हिशेब पूर्ण होईल त्याच दिवशी त्याचे नाव बंद करावयाचे, हे आता ठरलेले आहे.

एक प्रसंग मात्र निरुपद्रवी नव्हता. एका अविवाहित मुलीचे रुग्णपत्रक ती आलेली नसताना तीन आठवड्यांत नऊ वेळा उघडले गेले होते. उघडणारे नाव स्वागतकक्षातील होते. चौकशी केली असता कळले की त्या मुलीचे स्थळ त्या भगिनींच्या नात्यात चालले होते. एकही आकडा बदललेला नव्हता. बदलाची नोंद कितीही चोख असती तरी येथे ती मुकीच राहिली असती, कारण जे झाले ते केवळ पाहणे होते. लहान गावात केवळ पाहण्याने केवढे नुकसान होऊ शकते हे वाचकांस सांगावयास नको. आम्ही ही गोष्ट मुलीच्या आईस सांगितली. सांगणे कठीण गेले. स्वागतकक्षातील नावास आता रुग्णाचे नाव, दूरध्वनी व भेटीची वेळ एवढेच दिसते. त्या भगिनी अद्याप आमच्याकडे आहेत. या वेळी मात्र आम्ही बोललो ते दार लावून, दोघांतच, आणि घड्याळ तपासून झाल्यावर.

मोठ्या संस्थांतही हेच घडते. लॉस एंजेलिस येथील यूसीएलए विद्यापीठाच्या रुग्णालयांत २००५ ते २००८ या काळात कर्मचाऱ्यांनी, कामाचा संबंध नसताना, प्रसिद्ध व्यक्तींसह अनेक रुग्णांची पत्रके वारंवार उघडून पाहिल्याचे शासकीय चौकशीत आढळले. जुलै २०११ मध्ये त्या प्रकरणी ८ लाख ६५ हजार ५०० डॉलर देऊन तडजोड करण्यात आली. म्हणून सॉफ्टवेअर घेताना ‘कोणी बदलले’ एवढेच नव्हे तर ‘कोणी पाहिले’ हेही त्यात नोंदले जाते काय, हा प्रश्न अवश्य विचारावा. स्वस्त सॉफ्टवेअरमध्ये बहुधा ती सोय नसते.

कायद्याविषयी थोडक्यात. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६ क खाली दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे हा तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकणारा अपराध आहे. ज्यांचे औषधनिर्मितीचे उद्योग कंपनी म्हणून नोंदलेले आहेत, त्यांस १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राखणे बंधनकारक आहे. ती नोंद बंद करता येऊ नये अशीही अट आहे. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा अधिनियम २०२३ चा असून त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतील मुख्य कर्तव्ये प्रसिद्धीपासून अठरा महिन्यांनी लागू व्हावयाची आहेत. माहितीपर्यंत कोण पोहोचले याच्या नोंदी ठेवणे, त्यांचे परीक्षण करणे व त्या एक वर्ष जपणे हे त्यांत स्पष्टपणे सांगितलेले आहे. सुरक्षेत कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. हा आकडा मोठ्या कंपन्या डोळ्यांपुढे ठेवून घातलेला असला, तरी रुग्णाची माहिती सांभाळण्याचे कर्तव्य लहान चिकित्सालयासही आहे. न्यायालयात अशी नोंद दाखवावयाची झाल्यास १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडावे लागते. नुसता छापील कागद पुरत नाही. वकिलांचा सल्ला घ्यावा.

ज्यांच्याकडे सॉफ्टवेअर नाही, सगळा व्यवहार मोबाइल व ई-मेलवर चालतो, त्यांनी निदान दोन ठिकाणी पाहावे. व्हॉट्सॲपमधील ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ येथे चिकित्सालयाचे व्हॉट्सॲप आणखी कोठे उघडलेले आहे ते दिसते. गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात कोणत्या उपकरणांवरून प्रवेश झाला आहे त्याची यादी असते. काम सोडून गेलेल्या मुलाच्या लॅपटॉपवर आपल्या रुग्णांचे संदेश अद्याप उमटत असल्याचे आमच्या एका स्नेही वैद्यांस असेच कळले.

सर्व सहकाऱ्यांस ही नोंद ठेवली जाते व दर शनिवारी वाचली जाते, हे आम्ही आरंभीच सांगितले. लपवून वाचणे आम्हास योग्य वाटले नाही. आमच्या नावाच्या नोंदी आम्ही स्वतः तपासीत नाही, त्या हिशेबनीस तपासतात. अ‍ॅडमिनचा पासवर्ड आमच्याकडे असल्याने नोंद पुसण्याची क्षमता असलेले आम्ही एकटेच आहोत, म्हणून महिन्याची प्रत त्यांच्याकडे ठेवलेली असते.

निष्कर्ष लिहिण्यासाठी आम्ही साधी शंभर पानी वही वापरतो. रकाने चार : दिनांक, काय आढळले, कोणास विचारले, काय केले. पहिल्या ओळीत दर वेळी संगणकाचे घड्याळ व मोबाइलचे घड्याळ यांतील फरक लिहिला जातो. गेल्या शनिवारी तो शून्य होता. वही पाहावयाची इच्छा असणाऱ्या सभासदांसाठी रुग्णांची नावे झाकून ती पुढील मासिक बैठकीत आणण्याचे आम्ही मान्य केले आहे.